हाडांच्या दुखण्यामागची नदी

हाडे दुखू लागली, की आपण वयाला दोष देतो. मीही देत असे. पण जपानमधील तोयामा प्रांताच्या ‘इताई-इताई’ रोगाविषयी वाचले आणि विचार बदलला. या नावाचा अर्थच ‘दुखतंय, दुखतंय’! रुग्ण बहुतेक उतारवयाला लागलेल्या शेतकरी स्त्रिया. नुसत्या खोकल्यानेही त्यांचे हाड मोडे. डॉ. नोबोरू हागिनो यांनी रुग्णांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती जिंझू नदीच्या खोऱ्यात एकवटलेली दिसली. वरच्या अंगाच्या खाणीतले कॅडमियम नदीतून भातखाचरांत आणि भातातून पोटात जाई. त्याने मूत्रपिंडे बिघडत, हाडे मऊ पडत. १९६८ साली जपान सरकारने हे कारण मान्य केले. आता कुणी हाडे दुखतात म्हटले, की वयाबरोबर गावचे पाणीही विचारावेसे वाटते.