पाच पडदे आणि अर्धा सिनेमा

आमच्या आत्याबाईंना कोणी विचारले, की तुम्ही आजवर किती सिनेमे पाहिले, तर त्या अगदी गंभीरपणे सांगतात, “अर्धा.”

यात विनोद करण्याचा त्यांचा हेतू नसतो. हिशेब खरा आहे. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता. आत्याबाई तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या. आजोबांचे मन वळवून, आजीच्या मागे मागे, भावंडांच्या घोळक्यात त्या तंबूत जाऊन बसल्या. मध्यंतरापर्यंत सिनेमा झाला आणि अवकाळी पाऊस आला. वाऱ्याने कनात उडाली, पडदा भिजला, माणसे घराकडे पळाली. दुसऱ्या दिवशी मालक सामान गाडीत भरून पुढच्या जत्रेला निघून गेला. त्यानंतर दोनच वर्षांत आत्याबाईंचे लग्न झाले, आणि सासरी बायकांनी तंबूत जाऊन बसण्याची रीत नव्हती. संसार, शेती, मुले, सुना असे करता करता साठ वर्षे निघून गेली.

घरात टीव्ही आला, आता नातवंडांच्या हातात फोन आहेत. पण आत्याबाई त्याला सिनेमा मानीत नाहीत. “मधी उठून भाकर टाकता येती, त्याला शिनेमा कोन म्हनंल?” असा त्यांचा सवाल. याचे उत्तर आमच्यापाशी नाही, आणि चित्रपटधंद्यातल्या मंडळींपाशीही अलीकडे ते असेल असे वाटत नाही.

तर गेल्या दिवाळीत आत्याबाई जालन्याला आमच्याकडे भाऊबीजेला आल्या असता चि. कन्येने जाहीर केले, की यंदा आजीला मोठ्या बहुपडदा चित्रपटगृहात न्यायचे. ती शिकायला छत्रपती संभाजीनगरला असते, त्यामुळे तिथल्या मॉलचे तिला घरच्यापेक्षा अधिक ठाऊक. फोनवर बोटे फिरवून तिने दोन मिनिटांत चार तिकिटे काढलीसुद्धा. मराठी चित्रपट, वेळ सकाळी दहा पंचेचाळीस. “ही कसली वेळ सिनेमाची?” असे सौ. म्हणाल्या. मराठी सिनेमाची हीच वेळ असते, असे उत्तर मिळाले.

जालन्याहून तिकडे जायचे म्हणजे साठेक किलोमीटरचा रस्ता. बदनापूर मागे टाकले, की थोड्या वेळाने ज्या हमरस्त्याने आपण त्या शहरात शिरतो त्याचे नावच ‘जालना रोड’. ‘जालना सोन्याचा पालना’ म्हणून मिरवणाऱ्या आमच्या गावाने देशाला बी-बियाणे दिले, घरे बांधायला लोखंडी सळई दिली. २०२३ च्या डिसेंबरात जालन्याहून मुंबईला ‘वंदे भारत’ गाडीदेखील सुरू झाली. तरी पण जरा थाटामाटाचा सिनेमा पाहायचा म्हटले, की आमच्याकडची मंडळी अजून याच रस्त्याला लागतात.

गाडीत आत्याबाईंची पहिली शंका निघाली. एका घरात पाच सिनेमे एकदम चालतात म्हणता, मग एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळत नाही का? शंका रास्त होती. एरवी तिकीट काढून आत शिरणाऱ्या आपल्यासारख्यांना ती सुचत नाही, एवढेच. भिंती दुहेरी असतात, त्यांच्या आत आवाज शोषणारे थर भरलेले असतात आणि दोन दारांमध्ये एक छोटी अंधारी खोली सोडलेली असते, असे कन्येने सांगितले. “म्हंजी कणगीला लिंपत्यात तसं,” आत्याबाई म्हणाल्या. अगदी तसेच.

पण पाच पडदे कशासाठी? आमच्या लहानपणी चित्रपटगृहाला एकच पडदा असे आणि समोर हजारभर खुर्च्या. मुंबईच्या धोबीतलावावरचे ‘मेट्रो’ घ्या. हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने ते १९३८ साली उभारले. संगमरवरी जिने, झुंबरे, भिंतींवर चित्रे. सिनेमा भिकार निघाला तरी इमारत पाहून पैसे वसूल व्हावेत अशी व्यवस्था. फिल्मफेअर पारितोषिकांचा पहिला समारंभ १९५४ साली तिथेच झाला. पण हजारावर खुर्च्या रोज चार वेळा भरायच्या म्हणजे काही खाऊ नव्हे. आधी दूरदर्शन आले, मग व्हिडिओ, मग केबल. खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या, आणि रिकाम्या खुर्चीलाही वीज, झाडू आणि दुरुस्ती लागतेच. शेवटी २००६ साली त्याच ‘मेट्रो’च्या पोटात सहा पडदे बसले. बाहेरचा दर्शनी भाग राहिला, आतले एक घर मोडून सहा बिऱ्हाडे झाली. मुंबईच्या वाड्यांचे आणि आपल्या एकत्र कुटुंबांचेही तेच झाले, पण तो विषय दिवाळीत नको.

या प्रकाराची आपल्या देशातली सुरुवात १९९७ ची, दिल्लीतल्या साकेत भागात. तिथल्या ‘अनुपम’ चित्रपटगृहाचे चार पडदे केले गेले. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा चित्रपटगृहांना पहिली काही वर्षे करमणूक करात सवलत दिली, आणि मुंबई-पुण्यात ती पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवू लागली. गणित सोपे आहे. दोनशे-अडीचशे खुर्च्यांची चार-पाच दालने केली, की ज्या सिनेमाला गर्दी आहे त्याला तीन दालने द्यायची, ज्याला नाही त्याला सकाळचा एक खेळ द्यायचा. तिकीट खिडकी एक, उपाहारगृह एक, स्वच्छतागृहे एक. आणि खेळ पुढेमागे लावले, की उपाहारगृहात दिवसभर कोणाचे ना कोणाचे मध्यंतर चालूच असते.

उपाहारगृहाचा अनुभव आम्हांला दारातच आला. सौ.नी पिशवीत चिवडा आणि शंकरपाळे घेतले होते. तपासणीच्या पोराने अदबीने पिशवी बाजूला ठेवायला सांगितले. आम्ही जरा वाद घालण्याच्या पवित्र्यात होतो, पण कन्येने कायदा काढला. बाहेरचे खाद्यपदार्थ नाकारण्याचा हक्क चित्रपटगृहाला आहे, मात्र प्यायचे पाणी फुकट दिले पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला आहे. चिवडा जप्त झाला. पाणी मात्र आम्ही हक्काने चार-चार पेले प्यालो. मक्याच्या लाह्यांचा एक पुडा तीनशे रुपयांना होता. आत्याबाईंच्या शेतात मका होतो. क्विंटलला दोन हजार भाव धरून त्यांनी उभ्या उभ्या हिशेब केला आणि म्हणाल्या, “पंधरा किलो मका झाला की रे ह्यो!” पुढचे दोन तास त्या पुड्याला त्यांनी हात लावला नाही.

सरकता जिनाही त्यांनी नाकारला. “मी चालन, त्याला उभं ऱ्हाऊ दे,” असे म्हणून त्या साध्या जिन्याने वर आल्या.

आणि वर आल्यावर खरी अडचण समजली. दारावरचा मुलगा म्हणाला, “या खेळाला आठच तिकिटे गेली आहेत. खेळ होईल की नाही, दहा मिनिटांत सांगतो. नाही झाला तर पैसे परत मिळतील.” आठांतली चार आमचीच. कन्येचा चेहरा उतरला. पैसे परत मिळाले असते हो. पण साठ वर्षे परत कोण देणार?

मराठी चित्रपटाच्या या दशेवर आजवर पुष्कळ बोलून झाले आहे. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला होता; आता आठवड्याच्या शुक्रवारी लागलेला चित्रपट पुढच्या गुरुवारपर्यंत टिकला तरी निर्माता देवाला नारळ फोडतो. २०१५ च्या एप्रिलात राज्य सरकारने मराठी चित्रपटाला मुख्य वेळेत खेळ द्यावा असे ठरवले, त्यावर मोठे वादंग झाले, आणि शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ यांच्या दरम्यान एक खेळ, असे त्याचे रूप झाले. नियम कागदावर असतात. दहा पंचेचाळीसला घरची धुणी-भांडी टाकून कोण येणार, हे नियम करणाऱ्यांना आणि खेळ लावणाऱ्यांना, दोघांनाही माहीत असते. मात्र प्रेक्षकच नाही, हे म्हणणेही आम्हांला पटत नाही. २०१६ मध्ये ‘सैराट’ला गावोगावचे लोक ट्रॅक्टरांत बसून गेले. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला तर भिशी मंडळेच्या मंडळे सारख्या साड्या नेसून आली. आत्याबाईंच्या सुनाही गेल्या होत्या. त्या दिवशी गुरांपाशी कोणी तरी हवे म्हणून आत्याबाई मागे राहिल्या होत्या. ही गोष्ट आम्हांला त्या दिवशी, त्या दारात उभे असताना प्रथम कळली.

आत्याबाई मात्र बिलकुल घाबरल्या नाहीत. “तंबूवाला बी असंच करायचा,” त्या म्हणाल्या. “पंधरा-वीस मानसं जमल्याबिगर शिनेमा सुरू करतच नव्हता. कर्ण्यावर गानी लावून ठिवायचा, ‘थोड्याच येळात खेळ सुरू हुतोय’ म्हनायचा. कामून उगं तेल जाळंल त्यो?” म्हणजे संगणकाच्या काळातही धंद्याचे तत्त्व तेच. फरक एवढाच, की इथे कर्णा वाजवणारा कोणी नव्हता.

ते काम आत्याबाईंनी केले. समोरच्या बाकावर सात-आठ बायका बसल्या होत्या. हिंदी चित्रपटासाठी आलेल्या, पण त्याची पडद्याला नाक लागेल अशीच तिकिटे उरलेली, म्हणून काय करावे या विचारात पडलेल्या. आत्याबाई सरळ जाऊन त्यांच्या शेजारी टेकल्या. कुठल्या, माहेर कुठले, पोरेबाळे किती अशी चौकशी झाली. मग त्यांनी आपल्या अर्ध्या सिनेमाची हकीकत सांगितली. आम्ही दूर उभे होतो, शरमिंदे होऊन. पाच मिनिटांनी त्या सगळ्याजणी उठल्या आणि तिकीट खिडकीकडे गेल्या. एकीने जाता जाता आमच्या सौ.ना सांगितले, “तुमच्या सासूबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या तर निवडून येतील.” सासूबाई नव्हेत, आत्यासासूबाई, ही दुरुस्ती सौ.नी तत्काळ केली.

खेळ झाला.

आत शिरल्यावर गार वाऱ्याने आत्याबाईंनी पदर कानांवरून घेतला. मागे वळून त्या भिंतीतला उजेडाचा झरोका शोधू लागल्या. तंबूत यंत्र माणसांच्या मधोमध असे. त्याची घरघर, यंत्रवाल्याचा घामेजलेला चेहरा हासुद्धा खेळाचाच भाग. हजार फुटांचे एक रीळ अकराएक मिनिटांत संपे. अडीच तासांच्या सिनेमाला तशी चौदाएक रिळे लागत, आणि यंत्र एकच असले तर रीळ बदलेपर्यंत तंबूत दिवा लागायचा. आता रिळेच नाहीत. चित्रपट उपग्रहावरून किंवा चौकोनी डबीतून येतो, तोही कुलूपबंद. त्याची किल्ली म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ, ठरावीक तारखांपुरतीच चालणारी. कोणत्या दालनात काय, किती वाजता, हे आधीच भरून ठेवले, की यंत्र वेळेवर आपोआप सुरू होते. खोलीत माणूस असतोच असे नाही. आत्याबाईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना ती आवडली नाही. “मंग बिघडलं तर शिव्या कोनाला द्यायच्या?”

राष्ट्रगीताला त्या ताठ उभ्या राहिल्या. मग दिवे गेले, आणि तो एवढा मोठा पडदा उजळला. चित्रपटाबद्दल आम्ही इथे लिहीत नाही. तो बरा होता, पूर्वार्ध उत्तरार्धापेक्षा बरा. आम्ही निम्मा वेळ आत्याबाईंकडेच पाहत होतो. त्या पाठ टेकून बसल्याच नाहीत. आडवी होणारी खुर्ची पुढून उघडीच राहिली आणि त्या तिच्या कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून, जत्रेतल्या तंबूत बसावे तशा बसल्या होत्या. मध्यंतराला दिवे लागले तेव्हा त्यांनी चटकन वर छताकडे पाहिले. सौ.नी विचारले, “काय हो?” त्या म्हणाल्या, “काय न्हाई. पाऊस न्हाई ना, ते बगितलं.”

सिनेमा पुरा झाला. नावे सरकू लागली, माणसे उठली, झाडूवाला आत आला, तरी त्या उठेनात. शेवटचे अक्षर वर गेल्यावरच त्यांनी पायांत चपला सरकवल्या. बाहेर पडण्याचे दार मागच्या अंगाला, थेट गाड्यांच्या तळावर उघडत होते. भिशीच्या बायकांचा निरोप घ्यायचा राहिला म्हणून त्या थोड्या हळहळल्या. चिवड्याची पिशवी आम्ही फेरी मारून सोडवून आणली आणि गाडीतच संपवली.

परतीच्या वाटेवर कन्येने त्यांचा जुना सिनेमा शोधून द्यायचा विडा उचलला. हल्ली फोनवर जुने चित्रपट पुष्कळ मिळतात. नाव काय होते? आठवत नाही. नायिका कोण? “गोरी हुती.” नायक? “त्याला पटका हुता.” मराठी की हिंदी? यावर बराच विचार करून त्या म्हणाल्या, “मला समजत हुतं, म्हंजी मराठीच आसंल.” एवढ्या खुणांवर फोनने हात टेकले. मग कन्या म्हणाली, “आजी, तू गोष्टच सांग, त्यावरून शोधते.”

आत्याबाईंनी सांगायला सुरुवात केली. पाटलाचा वाडा, धाकटी सून, तिच्यावर आलेला चोरीचा आळ, वाड्याच्या मागच्या दाराने निघालेली ती, नदीला आलेले पाणी. साठ वर्षांत एक धागा सुटला नव्हता. बदनापूर आले, गेले. कन्या फोन विसरून ऐकत होती. सून नावेत पाऊल टाकते, आणि काठावरून कोणी तरी हाक मारतो.

“मग? पुढे काय झालं?”

“पुढं पाऊस आला.”