वारस शोधणाऱ्याची नीती

गेल्या पावसाळ्यात तास संपल्यावर द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी मागे थांबला आणि वहीत घडी करून ठेवलेला एक कागद त्याने माझ्यापुढे ठेवला. तो कुलमुखत्यारपत्राचा मसुदा होता. त्याची आई एका खानावळीत पोळ्या लाटते. तिचे वडील मूळचे वारज्याचे; तरुणपणी मुंबईस गिरणीत गेले, ते पुन्हा गावी राहावयास आले नाहीत. महिन्याभरापूर्वी एक गृहस्थ त्यांच्या घरी आले. आजोबा-पणजोबांची नावे, चुलते किती, कोण कोणत्या साली वारले, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. खुद्द बाईंना पणजोबांचे नाव ठाऊक नव्हते. ‘तुमचा हक्क निघतो, मी मिळवून देतो,’ असे सांगून त्यांनी दीड लाख रुपये रोख देऊ केले व सही मागितली. मसुद्यात वंशावळ नेटकी काढलेली होती. जमिनीचा सर्व्हे नंबर लिहावयाची जागा मात्र कोरी होती.

त्या कोऱ्या जागेविषयी येथे लिहावयाचे आहे.

मुठेच्या काठचे वारजे हे शेतकऱ्यांचे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले. एके काळी एकराने मोजली जाणारी जमीन आता चौरस फुटाने मोजली जाते. पण तिचे कागद जुन्या गावाचेच राहिले. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव आणि त्यापुढे ‘ए.कु.पु.’ म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी ही अक्षरे. धाकटे भाऊ त्या तीन अक्षरांत सामावलेले. बहिणींची नावे आलीच तर ‘इतर हक्क’ या रकान्यात. वारसाहक्काने जमीन मिळाली की तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावे, असे जमीन महसूल संहिता सांगते. प्रत्यक्षात मृताचे नाव पिढी उलटली तरी कागदावर नांदत राहते. २०२५ साली राज्य शासनाला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली, यावरूनच मयत खातेदारांचा प्रश्न केवढा आहे हे ध्यानात यावे. खरोखर बेवारस मालमत्ता विरळाच. संहितेच्या ३४ व्या कलमानुसार ज्ञात वारस नसलेल्या खातेदाराची जमीन जिल्हाधिकारी ताब्यात घेतो आणि तीन वर्षांत कोणी हक्क सांगितला तर चौकशी करून ती परत देऊ शकतो. परंतु आपण ज्यांना बेवारस म्हणतो त्यांतील पुष्कळांचे वारस हयात असतात. त्यांना कोणी शोधलेले नसते, इतकेच.

हा शोध सोपा नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. फेरफार उतारे, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, असा तो प्रवास असतो आणि जुने कागद मोडीत असतात. (कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून जोरात सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा भाव एकाएकी वाढला; एरवी त्यांच्याकडे कोण पाहत होते?) दहा कुटुंबांचा माग काढावा तेव्हा एखाद्याचे काम फळास येते. अशा श्रमाचे आणि जोखमीचे मोल मिळाले पाहिजे. त्याबद्दल तक्रार करणारा मी नव्हे.

परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला येथे एक भेद करावाच लागतो. श्रमाची किंमत वेगळी आणि समोरच्याच्या अज्ञानाची किंमत वेगळी. सातबारा आज संगणकावर कोणालाही पाहता येतो. त्यात गुपित काही उरलेले नाही. गुपित आहे ते नात्याचे. अमुक खात्यातील मृत माणूस या बाईचा चुलता आहे, एवढी एक ओळ त्या गृहस्थांपाशी होती आणि बाईंपाशी नव्हती. विकणाऱ्याला माल ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजाराची गत काय होते हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. येथे तर उलटे आहे: घेणाऱ्याला माल ठाऊक आहे आणि मालकालाच नाही. शोधणारा स्वतःच खरेदीदार झाला की वारसाला जितके कमी कळेल तितका त्याचा नफा वाढतो. मग त्याने सर्व्हे नंबर का म्हणून सांगावा?

आपल्याकडे पूर्वी वतनाचा वाद गोतसभेपुढे चाले. परागंदा झालेला वतनदार किंवा त्याचा वंशज परत आला की गावकरी, बलुतेदार, शेजारगावचे पाटील जमत, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. जिंकणाऱ्याला सरकारात हरकी भरावी लागे. ती व्यवस्था आदर्श होती असे म्हणवत नाही. तीत जातीचा आणि जोराचा भाग होताच. तथापि वंशावळ चारचौघांत उलगडली जाई, कोणाच्या ओटीवर एकांतात नव्हे.

आजच्या कायद्याने वकिलावर बंधन घातले आहे. बार कौन्सिलच्या नियमानुसार त्याला दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरविता येत नाही, की मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा मागता येत नाही. वारस शोधणाऱ्या ‘सल्लागारा’ला मात्र असा कोणताही नियम नाही. फ्रान्समध्ये २००६ च्या कायद्याने स्पष्टच सांगितले आहे की, प्रकरणात थेट आणि रास्त हितसंबंध असलेल्या व्यक्तीने लेखी काम सोपविल्याशिवाय कोणी वारसांचा शोध घेऊ नये आणि त्याचा मोबदलाही मागू नये. इंग्लंडमध्ये असा परवाना लागत नाही. तेथे सरकारच बेवारस मालमत्तांची यादी प्रसिद्ध करी आणि ती हाती घेऊन धंदेवाईक शोधकर्ते वारसांच्या दारी धावत. २०२५ साली फसवणुकीच्या प्रकारांमुळे ती यादी तात्पुरती मागे घेण्याची पाळी आली. तेव्हा माहिती खुली केली की सारे भागले, असेही नाही.

बँकांतील पैशाचे त्या मानाने बरे चालले आहे. दहा वर्षे हक्क न सांगितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. एकट्या सरकारी बँकांनी फेब्रुवारी २०२३ पर्यंत सुमारे ३५,००० कोटी रुपये तेथे वर्ग केले. पण वारसाचा हक्क बुडत नाही, आणि ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नावाने शोध विनामूल्य घेता येतो. जमिनीसाठी तेवढे तरी का नसावे?

माझ्या मते या व्यवसायाला परवाना हवा आणि त्यातली पहिली अट अशी की, शोधणाऱ्याने वा त्याच्या नातलगाने त्या मालमत्तेतील हिस्सा कधीही विकत घेऊ नये. सहीपूर्वी सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील भाव लेखी द्यावा. शेकडेवारीने मोबदला घ्यावयाचा तर तिला कमाल मर्यादा हवी. वंशावळ पूर्ण द्यावी, सोयीची नव्हे; एखादी शाखा गाळली की उरलेल्यांचा हिस्सा फुगतो, सौदा झटपट उरकतो, आणि पुढे वीस वर्षांनी त्या जमिनीवरील इमारतीत कर्ज काढून सदनिका घेतलेल्या कारकुनाला दाव्याची नोटीस येते. फेरफार नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे त्याला तेव्हा प्रथमच कळते.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सुचविले की, आईने सर्व्हे नंबर विचारावा आणि मग सही करावी. तिने विचारला. गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मायलेकांनी तलाठी कार्यालयात तीन खेपा घातल्या तेव्हा उतारा मिळाला. थोरल्या चुलत्याचे नाव, पुढे ए.कु.पु. मग त्या नेटक्या वंशावळीत काय गाळले होते तेही उमगले. आजोबा १९७१ साली वारले होते, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर. तेव्हा त्यांच्या दोन मुलींचा, बाईंच्या आत्यांचा, हिस्साही त्यात होता. कागदावर त्या दोघी नव्हत्याच. आत्यांना कळविले तर बाईंचा वाटा कमी होणार, हे मुलाने आकडेमोड करून आईला दाखविले. ती दुसऱ्या रविवारी एस.टी.ने भोरला गेली आणि आत्यांच्या मुलांना घेऊन आली. वारस नोंदीच्या अर्जावर आता पाच सह्या आहेत. अर्ज अद्याप कार्यालयातच आहे.