आप्त कोणाला म्हणायचं? वेगवेगळ्या व्यवसायांतल्या सहकार्याविषयी

आजचा विषय तसा रोजचाच आहे. डॉक्टर आणि परिचारिका, इंजिनियर आणि फिटर, वास्तुरचनाकार आणि गवंडी अशी वेगळ्या व्यवसायांतली माणसं एकत्र काम करतात, तेव्हा त्यांच्यात नेमकं काय घडतं? आपण लगेच 'टीमवर्क', 'समन्वय', 'परस्परांचा आदर' असे शब्द वापरतो. शब्द चांगले आहेत, पण मला अपुरे वाटतात. कारण पूर्ण आदर दाखवूनही समोरच्याचं म्हणणं बाजूला ठेवता येतं.

एका महाविद्यालयाच्या इमारत समितीवर मी काही वर्षं होतो. वाचनालयाचा आराखडा आला, त्यात पश्चिमेला भिंतभर काचा. ग्रंथपाल म्हणाले, दुपारी तीननंतर तिथे कोणी बसू शकणार नाही, आणि पुस्तकांच्या बांधण्या उन्हानं विटतील. सगळ्यांनी ऐकून घेतलं, इतिवृत्तात नोंद झाली, वास्तुरचनाकारांनी आभारही मानले. काचा जिथल्या तिथे राहिल्या. पुढे जाड पडदे आले आणि मुलं भर दुपारी दिवे लावून वाचायला लागली. ग्रंथपालांचा अपमान कोणीच केला नव्हता. त्यांचं बोलणं 'मत' म्हणून नोंदवलं गेलं, इतकंच. ते 'ज्ञान' आहे असं कोणाला वाटलं नाही.

हा फरक आपल्या नैयायिकांनी फार नेमका पकडला आहे. न्यायसूत्रांत ज्ञानाची चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. 'आप्त' म्हटलं की मराठी माणसाला लग्नाच्या पत्रिकेतले आप्तेष्ट आठवतात, पण इथे तो अर्थ नाही. न्यायभाष्य लिहिणारा वात्स्यायन (हा कामसूत्राचा वात्स्यायन नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं) आप्ताची लक्षणं देतो. त्यानं ती गोष्ट स्वतः साक्षात जाणलेली असली पाहिजे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असली पाहिजे. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस हे म्हणतोय, हे लक्षात घ्या. आप्त कोण, हे कुळावरून किंवा पदवीवरून ठरत नाही. ती विशिष्ट गोष्ट त्यानं जाणली आहे का, एवढंच बघायचं.

आता एक उदाहरण घेऊ, आणि जरा सावकाश घेऊ. जयपूर फूट तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन १९८१ च्या अपघातानंतर हाच पाय लावून पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, त्यामुळे नाव घरोघरी पोचलं. पण तो पाय तयार कसा झाला? जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक होते. १९६० च्या दशकात त्यांच्यासमोर जो कृत्रिम पाय उपलब्ध होता तो अमेरिकेत विकसित झालेला, 'सॅच' नावाचा. त्याचा घोटा पक्का, न वाकणारा. तो बुटात घालूनच वापरायचा. खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या माणसासाठी उत्तम. आपल्याकडचा शेतकरी उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, चिखलातून अनवाणी चालतो. दिलेला पाय घरी ठेवून रुग्ण कुबड्यांवरच फिरतात, हे सेठींच्या लक्षात आलं.

त्याच रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकवणारे एक कारागीर होते, रामचंद्र शर्मा. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. औपचारिक शिक्षण अगदी थोडं. सेठींना शरीर माहीत होतं: भार कुठे पडतो, कापलेल्या पायाचा उरलेला भाग किती दाब सोसतो, घोटा कोणत्या दिशांना वळायला हवा. मास्टरजींना पदार्थ माहीत होते: लाकूड कुठे तडकेल, रबर किती ताणेल, साचा कसा उतरेल. टायरला नवा रबर चढवणाऱ्या दुकानात व्हल्कनायझेशन बघून मास्टरजींना कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगितली जाते. शेवटी जो पाय बनला त्यात टाचेला आणि चवड्याला स्पंजासारखं मायक्रोसेल्युलर रबर, घोट्याशी लाकडाचा ठोकळा, आणि हे सगळं बाहेरून रबरात गुंडाळून साच्यात भाजलेलं. रंगरूप मानवी पावलासारखं, त्यामुळे बुटाची गरज नाही. आणि आतले तुकडे सुटे व मऊ असल्यानं घोटा सगळ्या बाजूंना थोडा वळतो.

इथे मला महत्त्वाचं वाटतं ते असं. रबर किती वेळ भाजायचं हे सेठी स्वतः तपासू शकत नव्हते, आणि गुडघ्यावर येणारा भार मास्टरजी मोजू शकत नव्हते. दोघांनाही एकमेकांचं सांगणं प्रमाण मानूनच पुढे जायचं होतं. तसं मानायला शल्यचिकित्सकाला जास्त जड जातं, हे उघड आहे. एडिंबरोची एफआरसीएस एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला शाळा लवकर सुटलेला कारागीर. मात्र त्यांना एक सोय होती. वाद झाला तर निकाल द्यायला पाय समोर होता. तो रुग्णाला घालायचा आणि म्हणायचं, बस उकिडवा. पाय दुमडला नाही तर दोघांचंही चुकलं. आणि हे सांगणारा तिसरा आप्त म्हणजे तो रुग्ण. चिखलात चालण्याचं ज्ञान त्या खोलीत फक्त त्याच्याकडे होतं.

पुढचा भाग जरा टोचणारा आहे. १९७८ साली या पायावरचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला, त्यात चार लेखकांमध्ये शेवटचं नाव आर. चंद्र, म्हणजे मास्टरजींचं. एका कारागिराचं नाव वैद्यकीय निबंधावर असणं ही साधी गोष्ट नव्हे. पण १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो एकट्या सेठींना. सेठींची योग्यता होतीच, त्यात वाद नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. आपल्या पुरस्कारांना, पदांना, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना एका वेळी एकच आप्त दिसतो, आणि बहुधा तो इंग्रजी बोलणारा असतो.

आता वात्स्यायनाची दुसरी अट बघा: सांगण्याची इच्छा. जाणणारा माणूस गप्प राहिला तर त्याच्या जाणण्याचा उपयोग शून्य. आणि गप्प तो भित्रेपणानंच राहतो असं नाही, बहुतेक वेळा अनुभवानं राहतो. दोनदा दुर्लक्ष झालं की तिसऱ्यांदा कोण बोलेल? शस्त्रक्रियागृहात हे जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची तपासयादी आणली. तिच्यातली एक बाब बघून मी थक्क झालो: त्वचेवर छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. तंत्रज्ञान शून्य, खर्च शून्य. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे 'थांबा' म्हणायला कमी कचरतो, हा त्यामागचा विचार. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून बघितली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, असं २००९ च्या अहवालात आहे. उलट कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात यादी सरसकट लागू केल्यावर तसा लक्षणीय फरक दिसला नाही, हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. कारणांवर मतभेद आहेत. मला विचाराल तर कागदावर खुणा करणं आणि समोरच्याला आप्त मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सक्ती फक्त पहिलीची करता येते.

याला दुसरी बाजूही आहे. 'तुम्ही तज्ज्ञ, तुम्ही म्हणाल तसं' असं म्हणून मान तुकवणं हेही सहकार्य नव्हे. मास्टरजी शरीरशास्त्राबद्दल आप्त नव्हते आणि सेठी रबराबद्दल. प्रामाण्य त्या त्या विषयापुरतंच असतं. शल्यचिकित्सकानं रुग्णालयाचा हिशेब सांगायला लागावं, किंवा तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं अर्थकारण (हशा), तेव्हा ऐकणाऱ्यानं हात वर करायलाच हवा.

आता प्रश्नांकडे वळू. एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत. लिहितात, 'डॉक्टर ऐकूनच घेत नसतील तर?' ताई, मी तुमच्या जागी असतो तर डॉक्टरांपुढे माझा अभिप्राय घेऊन गेलो नसतो, रुग्णाला घेऊन गेलो असतो. त्यांच्यासमोर त्याला जिना चढायला सांगा, कुठल्या पायरीला गुडघा अडतो ते त्यांना बघू दे. तेवढ्यानंही भागलं नाही तर तारखेसह नोंद ठेवा, म्हणजे तीन आठवड्यांनी तुमचं म्हणणं खरं ठरलं तर ते आधीच सांगितलं होतं हे कागदावर असेल. पुढची चिठ्ठी कोणाची आहे?