धबधब्यात रॅपलिंग घेताय? कमरेला काय लावायचं, कुठे लावायचं आणि घरी कसं ठेवायचं



या आठवड्याचा व्हिडिओ शहापूर आणि मुरबाडच्या मुलांसाठी होता. विहीगावचा अशोका धबधबा, माहुली, माळशेज, गोरखगड हे सगळं तुमच्या दारात आहे. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याचं गिऱ्हाईक आसनगाव आणि कसाऱ्याला उतरतं, आणि धंदा बहुतेक वेळा बाहेरचे आयोजक करतात. तुम्ही करायला हवा, हे माझं स्पष्ट मत. पण सामान विकत घेण्याआधी ते अंगावर मांडायचं कसं, हे समजून घ्या. व्हिडिओत वेळ पुरला नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी माझीच गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका आयोजकाबरोबर मी स्वतः धबधब्यात उतरलो होतो. कमरेला मोबाईलच्या वॉटरप्रूफ पाउचची लांब दोरी लोंबत होती. निम्म्यावर ती 'एट'मध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या आठ आकाराच्या धातूच्या कडीत, गेली आणि घट्ट बसली. वर जाता येईना, खाली येता येईना, आणि डोक्यावर पाणी. पाच-सहा मिनिटंच लटकलो असेन, पण तेवढ्यात श्वास घेणं मुश्किल झालं. चूक कुणाची? उतरण्याआधी माझी कंबर कुणी तपासलीच नव्हती.

आता एक लांबचं उदाहरण देतो, कारण तिथे हा प्रश्न फार नीट सोडवलाय. स्कूबा डायव्हिंगमध्ये 'साईडमाउंट' नावाची पद्धत आहे. सिलिंडर पाठीवर न घेता दोन्ही कुशींना लावतात. पाण्याने भरलेल्या अरुंद गुहांमध्ये शिरणाऱ्या डायव्हर्सनी ती काढली. वेटसूटला सहसा खिसे नसतात, मग टॉर्च, चाकू, दोऱ्याची रीळ ठेवायची कुठे? त्यांचे नियम साधे आहेत. काहीही लोंबणार नाही. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, डोळे मिटून हाताला लागेल अशी. रोज लागणारं हाताशी, क्वचित लागणारं मागच्या छोट्या पिशवीत. (भातसा-तानसात हे करू असं कुणी मनात आणू नका, ते मुंबईच्या पिण्याचं पाणी आहे. स्कूबा शिकायचं तर मालवणजवळ तारकर्लीला जा.)

हेच आपल्या धबधब्याला लागू करा. उजव्या हाताने दोर धरून वेग आवरणारा माणूस असेल, तर हार्नेसची उजवी पुढची बाजू पूर्ण रिकामी ठेवा. तिथून दोर धावतो, तिथे काही नको. डाव्या पुढच्या लूपला प्रुसिकची दोरी आणि एक स्लिंग, दोन्ही गुंडाळून आखूड केलेल्या. जादा कॅराबिनर आणि जादा एट मागच्या लूपला. शिट्टी हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्ट्याला. चाकू फक्त प्रशिक्षकाकडे, बंद होणारा. ताणलेल्या दोराला पातं नुसतं लागलं तरी दोर तुटतो, म्हणून गिऱ्हाइकाकडे चाकू अजिबात नको. गिऱ्हाइकाच्या कमरेला खरं तर काहीच नको! मोबाईल वर जमा करा, लांब केस अंबाड्यात बांधून हेल्मेटखाली, ओढणी आणि टी-शर्टचं टोक आत खोचलेलं. तासन्‌तास पाण्यात उभं राहणाऱ्या प्रशिक्षकाला वेटसूट घेऊन द्या, थंडीने बोटं आखडली की गाठी चुकतात.

तरीही कुणी अडकलाच तर? म्हणून दोर वर कायमच्या गाठीने बांधायचा नाही. ताण असतानाही सोडता येईल अशी गाठ मारायची, 'मुंटर-म्यूल' म्हणतात तिला. वरचा माणूस ती सोडून अडकलेल्याला अलगद खाली उतरवतो. इथे धंद्याचा हिशोब बघा: यासाठी वर तेवढाच जादा दोर लागतो. 100 फुटी धबधब्याला 200 फुटांहून जास्त दोर घ्यावा लागेल. बरेच जण इथे पैसे वाचवतात, तुम्ही वाचवू नका. आणि ही गाठ ब्लॉग वाचून शिकायची नाही, उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेसारख्या ठिकाणी कोर्स करा.

आता साठवण. समजा 12 किट आहेत. प्रत्येकात हेल्मेट, हार्नेस, दोन कॅराबिनर, एट, स्लिंग आणि ग्लोव्ह्जची जोडी, म्हणजे सात नग. एकूण 84. संध्याकाळी दमून, अंधारात, पावसात 84 नग मोजायला कुणाला होतं? त्यापेक्षा भिंतीवर फळी ठोका, 12 खुंट्या लावा, प्रत्येक किटला नंबर आणि रंगीत टेप. रिकामी खुंटी लांबूनच दिसते.

दोर आणि हार्नेस साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, उन्हात नाही. वेटसूट उलटा करून रुंद हँगरवर, घडी घालू नका, रबराला कायमची मोड पडते. सगळ्यात धोकादायक जागा सांगू? इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारचा कोपरा. आपल्याकडे अडगळ तिथेच जाते. बॅटरीतलं ॲसिड किंवा त्याची वाफ नायलॉनला आतून खाते, वरून काही दिसतही नाही. उंदरांसाठी दोर झाकणाच्या पिंपात ठेवा, पण पूर्ण वाळल्यावरच. प्रत्येक दोराची वही ठेवा: खरेदीची तारीख, किती वेळा वापरला, कुठे घासला. न वापरलेलं नायलॉनचं सामानही साधारण 10 वर्षांनंतर बाद करायचं असतं, कंपनीचा कागद जपून ठेवा. कॅराबिनरवर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला नसेल तर तो किल्ल्यांसाठी आहे, माणसासाठी नाही.

शेवटी कागदपत्रं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. शिवाय पावसाळ्यात धबधब्यांवर प्रशासनाचे बंदी आदेश निघतात. बुकिंगचे पैसे घेण्याआधी तहसील कार्यालयात चौकशी करा, आणि आदेश निघाला तर पैसे परत की पुढची तारीख, हे पावतीवरच छापून ठेवा.