पोट कापायचे की सांभाळायचे?

कोणत्याही घरात ‘ऑपरेशन’ हा शब्द निघाला, की घराचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘एकदाचे कापून टाका आणि मोकळे व्हा.’ दुसरा म्हणतो, ‘उगाच शरीराला चाकू कशाला लावायचा? पथ्याने भागते आहे तोवर भागवावे.’ दोन्ही पक्षांत जिव्हाळ्याची माणसे असतात, दोघांपाशीही शेजारपाजारचे दाखले असतात. आणि ज्याच्या पोटाविषयी हा वाद रंगलेला असतो तो बिचारा कॉटवर पडून दोन्हीकडे मान हलवत असतो. आतड्याला पीळ पडला, तर असला वाद फार टिकत नाही. डॉक्टरच तो मिटवतात. पण काही दुखणी अशी, की डॉक्टर सारे समजावून सांगतात आणि शेवटी म्हणतात, ‘आता तुम्ही ठरवा.’ वारंवार उलटणारा डायव्हर्टिक्युलायटिस हे त्यांपैकी एक.

नाव घेताना जीभ अडखळते. दुखणे मात्र समजायला सोपे आहे. सायकलचा टायर एखाद्या ठिकाणी विरला, की आतली ट्यूब तिथून फुगा काढून बाहेर डोकावते. वय वाढता वाढता मोठ्या आतड्याचेही असेच होते. आतड्याच्या स्नायूंच्या भिंतीतून जिथे रक्तवाहिन्या आत शिरतात, त्या जागा मुळातच दुबळ्या. आतल्या दाबाने तिथून अस्तर बाहेर ढकलले जाते आणि वाटाण्याएवढ्या पिशव्या तयार होतात. पाश्चात्त्य देशांत साठी उलटलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या आतड्यात त्या सापडतात आणि बहुतेकांना त्यांचा पत्ताही नसतो. अशा शंभर जणांपैकी जेमतेम चार-पाच जणांच्या पिशव्यांना सूज येते. मग पोटात, बहुधा डाव्या बाजूस खाली, दुखू लागते, ताप भरतो, शौचाचे तंत्र बिघडते. आशियातल्या लोकांत या पिशव्या पुष्कळदा उजव्या बाजूस असतात. त्यामुळे पहिले दुखणे ॲपेन्डिक्सच्या खात्यावर जमा होण्याचाही संभव असतो, सी. टी. स्कॅनने तो घोटाळा उलगडतो.

दोन खेपांचा नियम

शल्यविशारदांचा अनेक वर्षे एक सरळ नियम होता: दोनदा दुखले, की आतड्याचा तेवढा भाग काढून टाकायचा. भीती अशी, की प्रत्येक खेप मागच्याहून जोराची येईल आणि एके दिवशी पिशवी फुटून मळ पोटात पसरेल. तसे झाले तर घाईची शस्त्रक्रिया आणि आतड्याचे तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावण्याची पाळी. फ्रेंच सर्जन आंरी आर्तमान यांनी १९२१ साली कर्करोगासाठी सांगितलेली ही शस्त्रक्रिया अशा प्रसंगी आजही प्राण वाचवते. तरीही आपल्यावर ती वेळ येऊ नये, असे कोणालाही वाटणारच.

पुढे रुग्णांच्या नोंदी बारकाईने तपासल्या, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. पिशवी फुटण्याचा धोका सर्वांत अधिक असतो तो पहिल्याच खेपेला! साध्या सुजेने चार वेळा उचल खाल्ली, म्हणून पाचवी खेप जिवावरच बेतेल असे नाही. २००४ साली संशोधकांनी गणित मांडले, की दुसऱ्याऐवजी चौथ्या खेपेनंतर शस्त्रक्रिया केली तर मृत्यूही कमी होतात आणि पोटावर पिशवी लावण्याचे प्रसंगही. अमेरिकेतील मोठ्या आतड्याच्या सर्जनांच्या संस्थेने २००० साली दोन खेपांचा नियम सांगितला होता. तिनेच २००६ साली तो बाजूला ठेवून प्रत्येक रोग्याचा स्वतंत्र विचार करावा, असा सल्ला दिला.

काही प्रसंगी मात्र विचाराला फारशी सवड नसते. आतडे आणि मूत्राशय यांत वाट पडून लघवीतून हवा किंवा मळ येऊ लागला, आतडे आक्रसून वाट अडू लागली, किंवा अवयव-रोपणानंतरच्या औषधांनी रोग्याची प्रतिकारशक्ती दबलेली असली, तर पारडे शस्त्रक्रियेकडे झुकते. सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी दुर्बिणीने आतडे तपासून घ्यावे ते एवढ्यासाठी, की सुजेआड कर्करोग दडलेला नाही ना, याची खात्री व्हावी.

मग ऑपरेशन कशासाठी?

जिवाची भीती एवढी नसेल, तर पोट फाडून घ्यायचेच कशाला? याचे उत्तर खेपांच्या संख्येत सापडत नाही. दोन खेपांमधल्या दिवसांत सापडते. नेदरलँड्समध्ये वारंवार किंवा सतत त्रास होणाऱ्या १०९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले; एकाची शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला औषधोपचारावर ठेवले. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचे जगणे अधिक सुखाचे झालेले दिसले, आणि औषधांवर ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांनी पाच वर्षांत शेवटी शस्त्रक्रियाच करवून घेतली. फिनलंडमधल्या अशाच पाहणीत दोन वर्षांत औषधांच्या गटातील ६१ टक्के लोकांचे दुखणे उलटले. शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण ११ टक्के होते.

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. त्या डच पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांतील अकरा जणांचा आतड्याचा जोड झिरपला. असे झाले की पुन्हा टेबलावर जावे लागू शकते, आणि जी पिशवी टाळायची तीच काही काळ गळ्यात पडू शकते. शिवाय राहिलेल्या आतड्यात नव्या पिशव्या होऊ शकतात. पोप फ्रान्सिस यांचे उदाहरण जगजाहीर आहे. याच विकाराने आतडे अरुंद झाल्यामुळे ४ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, रोममध्ये त्यांचे ऑपरेशन झाले. आपले ३३ सेंटिमीटर आतडे गेल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. औषधांवर भागवावे असे म्हणणारेही भोवती होते. पण एका परिचारकाने नीट समजावून दिले म्हणून आपण शस्त्रक्रियेला तयार झालो, असे ते सांगत. तरीही जानेवारी २०२३ मध्ये या पिशव्या पुन्हा झाल्याचे त्यांनीच सांगितले.

दोन माणसे, दोन निर्णय

माझी थोरली बहीण बँकेतून निवृत्त झाली आणि तीन वर्षांत चार वेळा अंथरुणाला खिळली. एकही खेप जिवावरची नव्हती. पण नागपूरला नातीच्या बारशाला जायचे, तर ताई आधी विचारायची, ‘रात्री दुखू लागले तर?’ काढलेली तिकिटे रद्द व्हायची. लग्नाच्या पंगतीत ती नुसता ताकभात खायची. तिने शस्त्रक्रिया करवून घेतली. जखम चिघळल्याने मुक्काम लांबला, पूर्वीसारखे हिंडायला तीन महिने लागले, आणि अजूनही कधी पोट कुरकुरते. पण यंदा मे महिन्यात ती एकटी रेल्वेने नागपूरला जाऊन आली.

कॉलेजातल्या आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना नऊ वर्षांत पाच वेळा हेच झाले. दोन दिवस पेज नि सूप, डॉक्टरांची औषधे, आणि आठवड्यात ते वर्गावर हजर! एरवी त्यांना दुखण्याची आठवणही नसते. त्यातून हृदयात स्टेंट बसवलेला, त्यामुळे भूल देण्यातही जोखीम. त्यांनी ‘नको’ म्हटले. दोघांच्या खेपांत फरक एकाचाच. निर्णय उलटे, आणि माझ्या मते दोन्ही योग्य.

म्हणून घरच्यांनी पक्ष पडू देऊ नयेत. सूज उतरल्यावर, स्वस्थ डोक्याने सर्जनकडे जावे आणि विचारावे: अशा शस्त्रक्रिया आपण किती केल्या आहेत? दुर्बिणीतून होईल काय? माझ्या बाबतीत पोटावर पिशवी लागण्याचा संभव किती? चोथायुक्त आहार, वजनावर ताबा, धूम्रपान वर्ज्य आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे, ही पथ्ये दोघांनाही लागू. दाण्यांना मात्र उगाच दोष देऊ नये. अमेरिकेत ४७,२२८ पुरुषांवर १८ वर्षे नजर ठेवून केलेल्या अभ्यासात दाणे आणि मक्याच्या लाह्या अधिक खाणाऱ्यांत हा विकार उलट कमीच आढळला. तेव्हा प्रकृती ठीक असेल तर दिवाळीच्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून काढायचे कारण नाही.

आणि रोग्याने एक साधी वही घालावी. किती दिवस दुखले, किती रजा गेल्या, कोणते आमंत्रण टाळले, कोणता प्रवास रद्द केला, एवढेच तीत टिपावे. वर्षाकाठी ती घरच्यांसमक्ष वाचावी आणि सर्जनच्या टेबलावर ठेवावी. स्कॅनमध्ये पिशव्या दिसतात. त्यांनी वर्षभरात आपले काय हिरावले, ते या वहीतच सापडेल.