लहान विद्युत् मोटारगाडी : कुटुंबातील दुसरे वाहन

विद्युत् घटमालेत साठविलेल्या ऊर्जेवर चालणारी, साधारणतः ३.८ मी.पेक्षा कमी लांबीची व दोन ते चार माणसे बसू शकतील अशी मोटारगाडी. ज्या कुटुंबात लांबच्या प्रवासासाठी पेट्रोल, डीझेल वा अन्य इंधनावर चालणारी एक मोठी गाडी आधीच आहे, तेथे कामाच्या जागी जाणे, मुलांना शाळेत पोहोचविणे, बाजारहाट, रुग्णालय इ. रोजच्या फेऱ्यांसाठी अशी गाडी दुसरे वाहन म्हणून वापरली जाते. ‘दुसरी गाडी’ ही कल्पना मोटारगाडीच्या इतिहासात जुनी आहे आणि विद्युत् गाडीशी तिचा संबंध पहिल्यापासूनच निकटचा आहे.

इतिहास : अमेरिकेत १९०० साली सु. ४,२०० मोटारगाड्या तयार झाल्या, त्यांतील एक-तृतीयांशाहून अधिक विद्युत् गाड्या होत्या. हाताने दांडा फिरवून चालू कराव्या लागणाऱ्या, आवाज व धूर करणाऱ्या पेट्रोल गाडीपेक्षा त्या चालविण्यास सोप्या होत्या. परंतु पेट्रोल गाडीचा पल्ला (एका भरणीत कापता येणारे अंतर) मोठा होता आणि किंमत झपाट्याने उतरत होती. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् आरंभक बसविण्यात आला व दांडा फिरविण्याची गरज उरली नाही. त्यानंतर विद्युत् गाडी मागे पडत गेली. मात्र सधन शहरी घरांत, मुख्यतः स्त्रियांच्या वापरातील दुसरी गाडी म्हणून ती आणखी काही वर्षे टिकून राहिली. पेट्रोल गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणारे हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लॅरा स्वतः ‘डिट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विद्युत् गाडी चालवीत, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. शिसे-अम्ल घटमालेवर चालणारी ही गाडी एका भारणात सु. १३० किमी. जाते, अशी तिची जाहिरात केली जाई.

१९७३ च्या खनिज तेल संकटानंतर अमेरिकेत ‘सिटीकार’ (१९७४—७७) ही पाचरीच्या आकाराची दोन आसनी गाडी निघाली व तिचे दोन हजारांहून अधिक नग तयार झाले. तेलाची टंचाई ओसरताच तिची मागणीही ओसरली. शिसे-अम्ल घटमालेत दर किग्रॅ. वजनामागे जेमतेम ३०–४० वॉट-तास ऊर्जा साठते, ही त्या पिढीतील सर्वच गाड्यांची मूळ अडचण होती. पल्ला वाढवायचा तर घट वाढवावे लागत आणि घटांचे वजन वाहून नेण्यातच वाढीव ऊर्जेचा मोठा हिस्सा खर्च होई [→ विद्युत् घट].

भारतीय गाडी व लंडनचे ग्राहक : या प्रकारातील भारताची उल्लेखनीय कामगिरी म्हणजे ‘रेवा’ ही गाडी होय. बंगलोर येथील मैनी उद्योगसमूह व अमेरिकेतील एक कंपनी यांच्या सहकार्याने १९९४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने ही गाडी २००१ मध्ये विक्रीस आणली. चेतन मैनी हे तिचे प्रमुख शिल्पकार. सु. २.६ मी. लांबीच्या या गाडीत ६ व्होल्टच्या ८ शिसे-अम्ल घटमाला होत्या व पल्ला सु. ८० किमी. होता. घटमालांत वेळोवेळी ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागे आणि काही वर्षांनी त्या संपूर्ण बदलाव्या लागत. पेट्रोलच्या बचतीचा बराच भाग या बदलीत खर्च होई. देशात तिचा खप मर्यादितच राहिला. एकाच गाडीचा खर्च कसाबसा पेलणाऱ्या ग्राहकाला तिच्यात अख्खे कुटुंब व सामान सामावेल अशी अपेक्षा होती आणि ती अपेक्षा पुरी करणे रेवाचे कामच नव्हते.

लंडनमध्ये परिस्थिती वेगळी होती. तेथे फेब्रुवारी २००३ मध्ये मध्यवर्ती भागात येणाऱ्या गाड्यांवर गर्दी-आकार सुरू झाला व विद्युत् गाड्यांना तो माफ होता. २००४ पासून ‘जी-विझ’ या नावाने विकली गेलेली रेवा तेथील बऱ्याच घरांची दुसरी गाडी झाली. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती मोटारगाडी नसून ‘चौचाकी सायकल’ (क्वाड्रिसायकल) या हलक्या वर्गात मोडत असल्याने मोटारगाड्यांना लागू असलेल्या टक्कर चाचण्या तिला बंधनकारक नव्हत्या. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांनी तिच्या सुरक्षिततेविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. २०१० मध्ये महिंद्र उद्योगसमूहाने कंपनीतील बहुसंख्य भाग घेतले. २०१३ मध्ये आलेली लिथियम-आयन घटमालेची ‘ई२ओ’ हे त्याचे फलित. तिचे उत्पादनही पुढे थांबले.

रोजचे अंतर व पल्ला : लहान विद्युत् गाडी उपयोगी ठरते की नाही, हे तिच्या कमाल पल्ल्यापेक्षा कुटुंबाच्या रोजच्या अंतरावर अवलंबून असते. लहान गाडीला शहरात दर किमी.ला सु. ०.१२ किवॉ. तास ऊर्जा लागते. भारण करताना होणारी हानी धरून मीटरवर ती सु. ०.१४ किवॉ. तास पडते (१ किवॉ. तास म्हणजे वीज देयकातील १ युनिट). दिवसाला २०–२५ किमी. फिरणाऱ्या गाडीला रोज तीन-साडेतीन युनिट पुरतात. हे काम घरातील १५ अँपिअरच्या साध्या जोडणीवर दीड-दोन तासांत होते. त्यामुळे रात्री गाडी लावून ठेवली की सकाळी ती तयार असते व सार्वजनिक भारण केंद्राची गरज क्वचितच भासते. जोडणी स्वतंत्र मंडलावर असावी, तिचे अर्थिंग नीट तपासलेले असावे आणि गळती प्रवाह तोडणारा स्विच बसविलेला असावा. लांबणीची जुनी वायर वापरणे धोक्याचे आहे, कारण अनेक तास सतत मोठा प्रवाह वाहिल्याने ती तापते.

भारतात २०२२ मध्ये आलेल्या टाटा टियागोच्या विद्युत् आवृत्तीत १९.२ व २४ किवॉ. तास, तर २०२३ मधील एमजी कॉमेट या ३ मी.पेक्षा कमी लांबीच्या गाडीत १७.३ किवॉ. तास धारणेची घटमाला देण्यात आली. कॉमेटचा प्रमाणित पल्ला २३० किमी. आहे. प्रमाणित आकडा ठराविक चक्रानुसार प्रयोगशाळेत मिळालेला असतो. वातानुकूलन, वेग, चढ व चार माणसांचे वजन यांमुळे प्रत्यक्ष पल्ला याहून बराच कमी भरतो. सुमारे १,१०० किग्रॅ. वजनाची भरलेली गाडी खोपोलीहून खंडाळ्याला, म्हणजे सु. ५०० मी. उंच चढविण्यासाठी सपाट रस्त्यावरील खर्चाशिवाय दीड किवॉ. तासांहून अधिक ऊर्जा लागते. एवढ्या लहान घटमालेच्या दृष्टीने हा जवळजवळ दशांश भाग झाला. उतरताना चलित्र जनित्राप्रमाणे काम करून यातील काही ऊर्जा परत मिळवते (पुनर्जननी गतिरोध), पण सर्व नव्हे. अशा प्रवासासाठी घरात दुसरी गाडी आहे हे गृहीत धरूनच घटमाला लहान ठेवलेली असते. लहान घटमालेमुळे किंमत, वजन व उत्पादनातील प्रदूषण ही तिन्ही कमी राहतात.

खर्च : पेट्रोल लिटरला १०० रु. व शहरातील धाव लिटरला १५ किमी. धरल्यास इंधनखर्च किमी.ला सु. ६.७० रु. येतो, वीज युनिटला १० रु. धरल्यास विद्युत् गाडीचा सु. १.४० रु. येतो. दर किमी.मागे सव्वापाच रुपये वाचतात. विद्युत् गाडी दोन लाख रुपयांनी महाग असेल, तर तो फरक भरून निघण्यास सु. ३८,००० किमी. धाव व्हावी लागते. दिवसाला ५० किमी. व वर्षाला ३०० दिवस वापर असल्यास हे अडीच वर्षांत घडते. दिवसाला २० किमी. असल्यास सहा वर्षांहून अधिक लागतात. येथे एक विसंगती दिसते. विद्युत् गाडीचा फायदा ती जितकी धावेल तितका अधिक, आणि दुसरी गाडी तर स्वभावतःच कमी धावणारी. म्हणून ज्या घरांत हा प्रयोग यशस्वी होतो तेथे नावापुरतीच ‘दुसरी’ असलेली ही गाडी रोजचा बहुतेक प्रवास आपल्याकडे घेते आणि मोठी गाडी सुट्टीची वाट पाहत उभी राहते. उभ्या राहणाऱ्या गाडीची ती अधिक जुनी व स्वस्त असली, तरी विमा व देखभाल चुकत नाही, हेही हिशेबात घ्यावे लागते.

भारतीय परिस्थिती : विद्युत् वाहनांवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ मध्ये ५% करण्यात आला. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरातील वा कार्यालयातील विद्यमान वीज जोडणीवरून स्वतःचे वाहन भारित करण्यास मुभा आहे. तथापि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अडचण बहुधा विजेची नसून जागेची असते. सदनिका चौथ्या मजल्यावर, मीटर जिन्याखाली आणि गाडी आवारात वा रस्त्यावर, अशा स्थितीत मीटरपासून गाडीपर्यंत वायर नेण्यास सहकारी गृहनिर्माण संस्थेची संमती व सहकार्य लागते. ज्याला गाडी उभी करण्याची स्वतःची जागा नाही, त्याच्या दृष्टीने घरी रात्रभर भारण हा या गाडीचा सर्वांत मोठा गुण निरुपयोगी ठरतो.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९—२१) देशातील केवळ ७.५% कुटुंबांकडे मोटारगाडी होती, तर दुचाकी जवळजवळ निम्म्या कुटुंबांकडे होती. म्हणजे मोटारगाडी असलेल्या मराठी घरातही दुसरे वाहन बहुधा स्कूटर हेच असते. लहान विद्युत् गाडी आली म्हणजे कोणते वाहन बाजूला पडते, यावर तिचा परिणाम ठरतो. भारतातील विजेच्या निर्मितीत दर युनिटमागे सु. ०.७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो, असे धरल्यास लहान विद्युत् गाडीच्या वाट्याला किमी.ला सु. १०० ग्रॅ. येतो. शहरात चालणाऱ्या पेट्रोल गाडीचा आकडा सु. १५० ग्रॅ. आहे, तिची जागा घेतल्यास एक-तृतीयांश घट होते. पण लिटरला ४५ किमी. धावणाऱ्या स्कूटरचा आकडा सु. ५० ग्रॅ. असल्याने तिची जागा घेतल्यास उत्सर्जन दुप्पट होते, शिवाय रस्त्यावरची जागा कितीतरी अधिक व्यापली जाते. पावसापासून व अपघातापासून मिळणारे संरक्षण ही त्याची भरपाई मानावी की काय, हे प्रत्येक कुटुंब आपापल्या परीने ठरवील. विद्युत् स्कूटर हा यातील तिसरा पर्याय असून निव्वळ ऊर्जेच्या हिशेबाने तोच सर्वांत काटकसरीचा आहे.

इतर देश : नॉर्वेमध्ये विद्युत् गाड्यांना १९९७ पासून पथकर, २००१ पासून मूल्यवर्धित कर माफ झाला आणि २००५ पासून बसमार्गिका खुल्या झाल्या. प्रारंभीचे ‘थिंक’, ‘बडी’ अशा लहान गाड्यांचे ग्राहक बहुतांशी घरात आणखी एक गाडी असणारे होते. या सवलतींमुळे लोक बस व सायकल सोडून दुसरी गाडी घेतात, अशी टीका तेथील काही अर्थशास्त्रज्ञांनी केली. २०२० पर्यंत मात्र नव्या गाड्यांत विद्युत् गाड्यांचे प्रमाण निम्म्यापलीकडे गेले व अनेक घरांत तीच पहिली गाडी झाली. चीनमध्ये २०२० साली आलेली वूलिंग कंपनीची २.९ मी. लांबीची गाडी २८,८०० युआनपासून मिळत असे. जपानमध्ये ‘केई’ या लहान गाड्यांच्या वर्गाला लांबी ३.४ मी. व रुंदी १.४८ मी. अशी मर्यादा असून ग्रामीण भागात अशी एकाहून अधिक वाहने असलेली घरे पुष्कळ आहेत. या वर्गातील निसान साकुरा (२०२२) हिची घटमाला २० किवॉ. तासांची व प्रमाणित पल्ला १८० किमी. आहे, योग्य उपकरण जोडल्यास भूकंप वा वादळात वीज गेली असता ती घराला वीज पुरवू शकते.

निगा : लिथियम घटमालेला उष्णता बाधक असते, म्हणून पूर्ण भारित गाडी उन्हात दीर्घकाळ उभी ठेवू नये. निकेलयुक्त घटांचे भारण रोजच्या वापरात ८० टक्क्यांच्या आसपास थांबविणे हितावह असते. लोह-फॉस्फेट प्रकारच्या घटांना मात्र अधूनमधून पूर्ण भारण आवश्यक असते, कारण त्यावाचून शिल्लक ऊर्जेचे मापन चुकत जाते. दुसऱ्या गाडीच्या बाबतीत नेहमी आढळणारा दोष मुख्य घटमालेत नसतो. गाडी कित्येक आठवडे न वापरता राहिल्यास दिवे, कुलपे व नियंत्रण मंडले यांना वीज पुरविणारी १२ व्होल्टची लहान साहाय्यक घटमाला रिकामी होते आणि मुख्य घटमाला भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. हाच प्रसंग मागे उभ्या राहिलेल्या पेट्रोल गाडीवरही ओढवतो. त्यामुळे दोन्ही गाड्या आठवड्यातून एकदा तरी चालविणे इष्ट असते.