कुंपणामागे कुंपण

१७ जुलै १९६८ च्या पहाटे इराकचे राष्ट्राध्यक्ष अब्दुल रहमान आरिफ यांना झोपेतून उठवून सांगण्यात आले, तुमची सत्ता संपली. लगेच त्यांची रवानगी लंडनला झाली. ज्या रिपब्लिकन गार्डने त्यांचे रक्षण करायचे, त्याचा प्रमुख इब्राहिम अल-दाऊद स्वतःच कटात होता. कुंपणानेच शेत खाल्ले. कट रचणाऱ्या बाथ पक्षाने दाऊदला संरक्षणमंत्री केले आणि ३० जुलैला, तो जॉर्डनमध्ये असताना, पदावरून दूरही केले.

या उलथापालथीत पुढे असलेला तरुण म्हणजे सद्दाम हुसेन. १९७९ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा गार्ड काय करू शकतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून त्याने एका कुंपणामागे दुसरे उभारले. सगळ्यांत बाहेर नियमित सेना: सक्तीने भरती झालेले जवान, जुनी शस्त्रे. तिच्या आत रिपब्लिकन गार्ड, त्याला चांगले रणगाडे आणि जास्त पगार. इराण-इराक युद्धात १९८६ मध्ये इराणने फाव द्वीपकल्प जिंकल्यावर हा गार्ड झपाट्याने वाढवला गेला आणि एप्रिल १९८८ मध्ये त्याने दोन दिवसांच्या आत फाव परत घेतले. हम्मुराबी, नेबुकदनेझर, मदिना अशी त्याच्या डिव्हिजनांची नावे.

पण या विजयी गार्डलाही बगदाद शहरात यायची मुभा नव्हती.

शहराचा पहारा स्पेशल रिपब्लिकन गार्डकडे. त्यातले जवान मुख्यतः तिक्रित, बैजी, शर्कात या भागांतले, म्हणजे सद्दामच्या मुलखातले. शेवटचा सेनापती बरझान अब्दुल गफूर तर त्याच्या नात्यातला. दोन्ही गार्डांवर देखरेख धाकटा मुलगा कुसै याची. थोरल्या उदैने १९९० च्या दशकात ‘फिदायीन सद्दाम’ हे निराळेच दल काढले. प्रत्येक दलाची हुकमाची साखळी वेगळी, आणि अधिकाऱ्यांवर नजर ठेवणारे अधिकारी ठिकठिकाणी. दोन सेनापतींनी एकत्र बसून बोलणेसुद्धा संशयाचे ठरे.

मार्च १९९१ मध्ये या रचनेचा खरा उपयोग जगाला दिसला. आखाती युद्धात कुवेतमधून हरून परतलेल्या सामान्य सैनिकांचा संताप बसऱ्यात उसळला आणि उठाव नजफ, करबलापर्यंत पसरला. युद्धातून वाचलेल्या गार्डने आपल्याच शहरांवर तोफा रोखल्या. हजारो माणसे मारली गेली. राजवट टिकली.

देशाच्या रक्षणाच्या वेळी मात्र हीच रचना गळ्याशी आली. २००३ च्या अमेरिकी आक्रमणावेळी गार्डच्या एका कोअरचे सेनापती होते राद अल-हमदानी. अमेरिकी सैन्य दक्षिणेकडून, करबलाच्या चिंचोळ्या पट्टीतून बगदादवर येते आहे, हे त्यांनी ओळखले होते. २ एप्रिलच्या बैठकीत त्यांनी कुसैसमोर जीव तोडून तसे सांगितले आणि फौज त्या बाजूला हलवू द्या, अशी विनंती केली. उत्तर मिळाले, दक्षिणेची चाल फसवी आहे. खरा हल्ला पश्चिमेकडून, जॉर्डनच्या बाजूने येणार.

त्याच दिवशी अमेरिकी रणगाड्यांनी त्याच दक्षिणेच्या वाटेवरचा, फरात नदीवरचा पूल ताब्यात घेतला. ९ एप्रिलला बगदाद पडले.